जोडी मोडायची नाही

मुलगी : नाही बाबा, आधी हात मागे घ्या. काही दाबू नका. स्क्रीनवर जे आहे ते जसंच्या तसं वाचा.

बाबा : काळा पडदा. वर इंग्रजीत एक ओळ, फाइलसिस्टिम अनोळखी आहे म्हणून. त्याखाली ग्रब रेस्क्यू, आणि पुढे एक रेघ लुकलुकतेय. कालपासून हेच.

मुलगी : आणि रोजची यादी? माझं लिनक्स उघडायचं की तुमची विंडोज, ते विचारणारी?

बाबा : ती असती तर बुद्धिबळ खेळत बसलो नसतो का?

मुलगी : आई कुठेय?

आई : इथेच आहे, फोन स्पीकरवर आहे. तू आधी शांत हो. मामा सकाळीच येऊन बघून गेला. पेनड्राइव्ह लावून थोडी दुरुस्तीही केली त्याने.

मुलगी : मामाने? काय दुरुस्त केलं मामाने?

आई : मला काय विचारतेस! सुरू होताना जे लागतं ना, ते नव्याने घातलं म्हणाला. मग म्हणाला, एक डिस्क कोरी दिसतेय, दुसरीवर नुसता कचरा आहे. जेवून येतो आणि सगळं पुसून नवीन विंडोज टाकतो. तासाभराचं काम.

मुलगी : आई, मामाला त्या खोलीत पाऊल ठेवू देऊ नकोस!

आई : अगं, माझा भाऊ आहे तो. फुकट राबतोय बिचारा.

मुलगी : राबू दे, पण दुसऱ्या खोलीत. पुसलं तर फिल्मच्या शेवटच्या भागाचा मी केलेला आवाज गेला. तो फक्त त्या मशीनमध्ये आहे.

आई : फिल्म तर तू सोबत घेऊन गेलीस ना? इतकी जपून, कपड्यांच्या घड्यांत घालून?

मुलगी : त्यात शेवटचा भाग जुना आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याचा आवाज पुन्हा नव्याने केला, हळूहळू सगळं शांत होत जाणारा, आणि घाईत जुनीच प्रत उचलली. इथे सभागृहात येऊन लावली तेव्हा कळलं. दुपारी दाखवायची आहे, लोक यायला लागलेत. दिग्दर्शक म्हणतात, असू दे, वरून संगीत टाकून झाकून टाकू.

बाबा : झाकून टाकू म्हणजे?

मुलगी : म्हणजे माझं काम काढायचं, कुठलीतरी तयार धून चढवायची, आणि पडद्यावर ध्वनीच्या पाटीवर नाव माझंच ठेवायचं. बाबा, पहिल्यांदा माझं एकटीचं नाव येतंय. कुणाच्या हाताखाली नाही. त्या नावाखाली भलत्याचं काम मला नको.

बाबा : नकोच. विचार काय विचारायचं ते.

मुलगी : मशीन शेवटचं नीट कधी चाललं?

बाबा : काल दुपारी. एकदम झकास. फक्त घड्याळ मागे पडत होतं, तेवढं मी दुरुस्त केलं.

मुलगी : कुठलं घड्याळ?

बाबा : तुझ्या कॉम्प्युटरचं, कोपऱ्यातलं. रोज थोडं थोडं मागे. आता घड्याळजीच्या घरात मागे पडणारं घड्याळ म्हणजे काय शोभा! बाजूचं झाकण काढलं, तर आत नाण्याएवढा सेल. आपल्या दुकानात त्याच मापाचे पडलेत. जुना काढला, त्याची खाच ब्रशने साफ केली, नवा बसवला. एक ओरखडा नाही कुठे. हात लागल्याचंही कळणार नाही तुला. मग वेळ लावायला म्हणून सुरू केलं, तर हा काळा पडदा.

मुलगी : सेल काढला. बाबा, तुम्ही सेल काढलात! कुणी सांगितलं होतं? मला एकदा विचारायचं तरी! सगळ्याच गोष्टी घड्याळं नसतात हो!

आई : झालं समाधान? हे उठले खुर्चीवरून.

मुलगी : बाबा?

बाबा : येऊ दे मामाला. मी हात लावत नाही आता. आजवर माझ्या टेबलावर आलेलं एकही यंत्र मी बंद करून परत दिलेलं नाही. हे पहिलंच.

आई : बरं केलंस. आता माझं ऐक. तू गेल्यापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हा माणूस त्या मशीनबद्दल सांगतोय. माझ्या मुलीने एकेक भाग आणून स्वतः जोडलंय, वायरी बघा कशा ओळीत बांधल्यात. पट्टा बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला घरात आणून दाखवलं यांनी! आणि त्यात घड्याळ मागे दिसलं म्हणून जीव खालीवर झाला यांचा. तुझ्या मशीनला कुणी नाव ठेवू नये म्हणून उघडलं, समजलं?

मुलगी : गिऱ्हाइकाला दाखवलं?

आई : त्या बाईंनी नुसतं छान म्हटलं, तर यांनी त्यांना पंखाही फिरवून दाखवला.

मुलगी : बाबा, बसा ना परत. मी चुकीचं बोलले. डिस्क मेलेली नाही आणि तुम्ही काही मोडलेलं नाही. सेलच्या जोरावर मशीन माझी मांडणी लक्षात ठेवायचं. सेल निघाला, ते विसरलं. एवढंच झालंय.

बाबा : कसली मांडणी?

मुलगी : आत दोन डिस्क आहेत, त्या मी एकत्र बांधल्यात. फाइलचा एक तुकडा इकडे, पुढचा तिकडे, पुन्हा इकडे. दोघी एकदम काम करतात म्हणून वेग येतो. आता मशीन त्यांना दोन वेगळ्या डिस्क समजतंय.

बाबा : थांब. म्हणजे एका घड्याळाची चाकं दोन डब्यांत, एक आड एक. आणि तुझ्या मामाने एकेक डबा वेगळा उघडला आणि म्हणाला, हे घड्याळच नाही.

मुलगी : अगदी तसंच!

बाबा : तरीच. मला तो इतक्या लवकर 'गेलं' म्हणाला तेव्हाच खटकलं होतं. बसलो. सांग.

मुलगी : बंद करून चालू करा. चालू होताच डिलीट बटण टकटक दाबत राहा.

बाबा : निळा पडदा आला. पुष्कळ नावं आहेत.

मुलगी : त्यात साटा मोड शोधा.

आई : डोळ्याला भिंग लावून बसलेत, बरं का. तुला दिसत नाही ते चित्र.

बाबा : अगं, अक्षरं बारीक आहेत. हं, सापडलं. साटा मोड, पुढे ए एच सी आय.

मुलगी : त्यावर एंटर दाबा. आर ए आय डी, रेड, असा पर्याय येईल, म्हणजे डिस्कची जोडी. तो घ्या. मग एफ टेन दाबून जतन करा.

बाबा : केलं. पुन्हा सुरू होतंय. दुसरंच काहीतरी आलं. दोन डिस्कची नावं, आणि वर विचारतंय, आत यायचं असेल तर कंट्रोल आय दाबा.

मुलगी : दाबा. आता नीट ऐका, आत फक्त बघायचं. यादीत पहिलं काय आहे?

बाबा : नवीन जोडी तयार करा.

मुलगी : त्याला चुकून हो म्हणालात तर जुनी जोडी कायमची मोडली. मग मीही काही करू शकणार नाही.

बाबा : मला हे कशाला सांगितलंस आता? बघ, हात खिशात घातले मी.

मुलगी : काढा बाहेर. खाली बघा, जोडीच्या नावापुढे काय लिहिलंय?

बाबा : हिरव्या अक्षरांत, नॉर्मल. दोन्ही डिस्कपुढे, सभासद.

मुलगी : बाबा! ओळखलं एकमेकींना! बाहेर पडा, एस्केप दाबून.

आई : बेल वाजली. मामा आला बहुतेक. तुम्ही चालू ठेवा, मी बघते. दादा, ये, ये. नाही, आत नाही, इथेच बस. आत शस्त्रक्रिया चाललीय. बायकोच्या भावालाही परवानगी नाही.

बाबा : पोरी, पुन्हा तोच काळा पडदा. ग्रब रेस्क्यू.

मुलगी : नाही हो! आता तर यादी यायला हवी होती. इथे दिग्दर्शक दारातून खुणा करतायत मला.

बाबा : त्यांना उभं राहू दे. वरची ओळ बदललीय. मघाशी अनोळखी म्हणत होता, आता म्हणतो, सापडत नाही.

मुलगी : नीट वाचा. खरंच बदललीय?

बाबा : दिवसभर काटे बघतो मी. बदललीय.

मुलगी : मग हे मामाचं. यादी दाखवणारा जो छोटा प्रोग्रॅम त्याने नव्याने घातला, त्याला यादीचा पत्ता चुकीचा दिलाय. डिस्क आता वाचता येतेय, नुसता पत्ता सांगायचाय. टाइप करा, एल एस, आणि एंटर.

बाबा : कंसात एच डी शून्य. मग तेच, पुढे स्वल्पविराम आणि एम एस डॉस. शेवटी आकडे वेगवेगळे. एक, दोन, पाच.

मुलगी : पाचवर माझं लिनक्स असणार. एल एस, जागा सोडा, तो पूर्ण कंस, आणि शेवटी तिरकी रेघ. इथे चुकलात तरी काही बिघडत नाही, घाबरू नका.

बाबा : घाबरतंय कोण? बरीच नावं आली. बूट, होम, त्यातलं एक...

मुलगी : बूट आलं? झालं आपलं काम. आता हे लिहा. सेट, जागा, प्रीफिक्स, बरोबरचं चिन्ह, तोच कंस, तिरकी रेघ, बूट, तिरकी रेघ, ग्रब. मध्ये कुठेही जागा नको.

बाबा : वाचून दाखवतो. सेट प्रीफिक्स बरोबर, कंस, एच डी शून्य, स्वल्पविराम, एम एस डॉस पाच, कंस पूर्ण, रेघ बूट रेघ ग्रब.

मुलगी : एंटर. मग इन्समॉड, जागा, नॉर्मल. एंटर. मग नुसतं नॉर्मल.

बाबा : आय, एन, एस, एम... एंटर. नॉर्मल. एंटर.

मुलगी : काय झालं? बाबा? बोला काहीतरी!

बाबा : आली यादी. वर तुझं, खाली माझं.

आई : आली! दादा, आली रे! काय पुसायला निघाला होतास, आमच्या पोरीने तिथे बसून चालू केलं! आणि आमच्या ह्यांनी इथे बसून! घे गं पोरी, आता तुला काय घ्यायचं ते घे.

मुलगी : वरच्या ओळीवर एंटर दाबा. बाकी मी इथून इंटरनेटवरून बघते. उघडतंय ना? दिसलं मला मशीन... ही फाइल. आहे, बाबा. अख्खी आहे. ओढून घेतेय. आणि आता ते बंद करू नका, मी येऊन पत्ता कायमचा लिहीपर्यंत नाहीच.

बाबा : नाही करत. रात्रभर बसेन समोर.

मुलगी : बसायला नकोय हो! नुसतं चालू राहू द्या. आली फाइल. दिग्दर्शकांच्या हातात दिली. ते विचारतायत, कुणाकडून करून घेतलंस इतक्या लवकर?

बाबा : काय सांगितलंस?

मुलगी : म्हटलं, घरी आमचे कारागीर आहेत. ते म्हणाले, मग त्यांचेही आभार पाटीवर टाकू या का? मी म्हटलं, नको, त्यांचं नुसत्या आभारांवर भागणार नाही. पुढच्या वेळी बोलावून घेऊ.

बाबा : अगं, माझं कसलं नाव! तुझं एकटीचं येऊ दे. तेच मला सांगायचंय सगळ्यांना.

मुलगी : दिवे मंद केले. मी आत जाते. ठेवू?

बाबा : ठेवू नकोस. तसाच चालू ठेव आणि खिशात टाक. आम्ही आवाज करत नाही.

मुलगी : बाबा, खिशातून काहीच नीट ऐकू येणार नाही. सगळं घुमेल.

बाबा : घुमू दे. तू जा.

(फोन खिशात. दार बंद होतं. मग बराच वेळ फिल्ममधले दूरवरचे आवाज: पाण्याचा, पावलांचा, आणि शेवटी कशाचाच नाही.)

आई : काही ऐकू येतंय का हो? बंद पडला का फोन?

बाबा : श्श्. चालू आहे. अख्खं सभागृह भरलंय, आणि कुणी खोकतसुद्धा नाहीये.