सहाशे यार्डांवरची बारीक भोकं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा लहानपणीच सुटली. शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. आमच्या ओहायोतल्या गावात बंदुकांचं दुकान चालवणारे मर्ल स्टकी काउंटरमागून मला जे बोलले, ते आठवेल तसं लिहितो.

“— तीनशे आठ मापाचीच रायफल पाहिजे? का पाहिजे? अस्वल मारायचंय? कागद आहे रे समोर, एमेट, कागद! तो काही अंगावर धावून येत नाही. पण नाही— प्रत्येक पोरगा आधी मोठी गोळी मागणार. का? तर मेहुणा हसेल. आणि मग घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटणार! आपोआप भरणारी रायफल ही, स्पर्धेत मिनिटात दहा गोळ्या झाडायच्या— तीनशे आठ दर वेळी खांदा हलवणार आणि तू निशाण शोधत बसणार. साडेसहा मिलिमीटरवाली? हो, तिची फॅशन आहे. नळी लवकर झिजते, ते जाहिरातीत नसतं. दोनशे तेवीस घे. हसतोस काय? मीही हसायचो— उंदीरमार म्हणायचो तिला, रोज, जेवताना— म्हणजे क्लबात जेवताना. मग एकदा स्पर्धेत निशाणांखालच्या खड्ड्यात बसायची पाळी माझी आली. आपणच एकमेकांची निशाणं खाली ओढतो ना— वर कोण झाडतंय, खाली काय कळणार? सहाशे यार्ड, आडवा वारा, आणि माझ्या कागदावर मधोमध बारीक भोक. बुजवलं, कागद वर ढकलला— पुन्हा तिथेच. मी म्हटलं, उंदीरमारच, चुकून लागली. वीसदा चुकून? सगळी मीच बुजवली. वर आलो तर गोळ्या झाडायच्या जागेवरून आपली दोनशे तेवीस उचलत होती लोर्ना. हो, माझीच पोरगी, दुसरी कोण? मी काय म्हटलं? म्हटलं, आज वारा मेहेरबान होता. झालं. पोरगी नदीपलीकडच्या क्लबात गेली. जाऊ दे, मला काय! तू तिथेच नाव घालतोयस ना? पिवळी टोपी घालते का अजून? खोकला होता तिला, गेला का? नाही, मी विचारत नाहीये, बोलण्यात आलं आपलं. ही घे, दोनशे तेवीस— जड गोळी वापर, वाऱ्यात टिकते. आणि कोणी निवडली विचारलं तर सांग— नको. काही सांगू नको. नीघ आता, दुकान बंद करायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूल ओलांडून क्लबवर गेलो. लोर्नाने रायफल हातात घेतली, उलटसुलट पाहिली. “चांगली निवडलीस. कोणी सांगितलं?”

मला बोलायला जड जातं. तरी म्हटलं, “तुमच्या बाबांनी. ‘वारा मेहेरबान होता’ म्हणाले ना, त्या दिवशी तुमच्या निशाणाखाली तेच बसले होते.”