शेडला शेड

...आणि वर चाचा मलाच म्हणतात, 'घाबरतोस काय?' तुम्हाला सांगतो, मी भित्रा नाही, पण शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहायचं, हातात ट्रक रंगवायचा स्प्रे, खाली हवेची टाकी हीव भरल्यासारखी थडथडतेय आणि प्लास्टिकच्या शेडमध्ये माझी जरबेरा फुलांची रोपं उन्हानं माना टाकतायत... हॉलंडात शिकलो ना मी, तिकडे ग्रीनहाऊस बांधतात ते ऊन मिळावं म्हणून, आमच्या दिघाशीत ते थोपवायचं कसं हे कुणी शिकवलंच नाही! उपाय एकच. प्लास्टिकच्या छपरावर पांढरी भुकटी पाण्यात कालवून फवारायची. उन्हाळाभर सावली, पावसाळ्यात आपोआप धुऊन जाते.

शेत ठकुआत्याचं. तिनं बजावलेलंच, "रोपं मेली तर माजं शेत मना परत दे, मी भात लावीन."

म्हणून भिवंडीहून ट्रक रंगवणारे सत्तारचाचा आणले. म्हटलं, "चाचा, शेडला शेड मारायचाय."

"मारतो की. फिकर मत कर."

चाचा खाली टाकीपाशी, शिडीवर मी. भुकटी नोझलमध्ये अडकली. नोझलचं भोक मोठं केलं, भुकटी कापडातून गाळली, पुन्हा अडकली, आणि टाकीनं शिट्टी मारली. मी शिडीला मिठी मारली, डोळे गच्च मिटले. "चाचा, टाकी फुटेल का?"

"अरे बेटा, शिट्टी मारते ती नाही फुटत. फुटणारी बोलते कुठे?"

मी भित्रा नाही, पण हे ऐकल्यावर डोळे कोण उघडणार? खाली चाचा काहीतरी कालवत होते, कालवू दिलं. मग स्प्रे असा सुटला म्हणून सांगू... छप्पर दुधासारखं पांढरं! मी उतरलो, बोट लावलं. चिकट.

"चाचा, हे काय?"

"तूच बोलला ना, शेड मारायचाय? तेरा पावडर कच्चा, बोटाला लागत होता. ऑइलपेंटमध्ये कालवला. अब दस साल नहीं उतरेगा."

चाचांचा शेड म्हणजे रंग, माझा शेड म्हणजे सावली... आता भर पावसाळा, रोपं उन्हातून वाचली आणि अंधारात पिवळी पडली. दुपारी बॅटरी घेऊन आत जातो मी.

काल पॉवरलूमवाले नूरुद्दीनशेठ डोकावले. "क्या शेड बनाया है! सुताला ऊन लागायचं नाही. गोदामाला भाड्यानं देता?"

मी भित्रा नाही, तुम्हाला सांगतो. सरळ मान वळवून आत्याकडे बघितलं. तिनं शेठना चहा टाकला.