दादाचा दहावा आणि ट्राऊटची नदी

दादाचा दहावा मी जर्मनीत कसा केला, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. दादा हेर्त्सोगेनआउराखला इंजिनियर होता. सुट्टीत तिथल्या नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, दोरा-पिसांची खोटी माशी फेकून तो ट्राऊट मासे पकडायचा. म्हटलं, पिंड त्याच नदीत सोडायचे. वहिनीला घेऊन गेलो. भाताचा पहिला गोळा पाण्यात टाकला, तोच मागून एक आजोबा ओरडत आले.

"काय म्हणतायत?"

"इथल्या मासेमारी क्लबचे राखणदार आहेत," वहिनी म्हणाली. "माशांना खायला घालायचं नाही म्हणतात. आयतं मिळालं की ट्राऊट माशीकडे बघत नाही."

माझं डोकंच फिरलं. "त्यांना सांगा, माझा भाऊ गेलाय! कुठल्या शहाण्याने केला हा नियम?"

वहिनीने दादाचं नाव सांगितलं. आजोबांनी टोपी काढली आणि ते हळू आवाजात बराच वेळ बोलले. वहिनी रडता रडता हसायला लागली.

"अहो भाऊजी, हा नियम आमच्या ह्यांनीच करून घेतलाय. मीटिंगमध्ये सगळ्या क्लबशी भांडून."

मी नववी नापास. मला तिथली नियमाची जर्मन पाटीही वाचता आली नव्हती, आणि ती दादाने लावून घेतली होती!

आजोबा पुन्हा काहीतरी म्हणाले. वहिनीने सांगितलं, "आजच्या दिवस ते पाठ फिरवतात. तुम्ही टाका."

मी डब्याचं झाकण लावलं. जन्मात दादाचं कधी ऐकलं नव्हतं.

"नाईन," मी म्हणालो. जर्मनमधलं 'नाही' तेवढं मला येत होतं. "वहिनी, सांगा त्यांना, आमच्या दादाचा नियम आहे. तुम्ही मोडलात तरी मी मोडणार नाही."