अष्टमीची भरती फोनवर सांगितल्याबाबत

दि. १८/०२/२०२५, सकाळी ११.२० वा., पेण पोलीस ठाणे

नाव : धोंडुबाई नाथा घरत. वय : ७६, अंदाजे. खाडीचा बांध फुटला त्या सालची मी, असे आई सांगायची. धंदा : घरकाम. जबाब लिहून घेणाऱ्या सुरभीबाईंनी आधी 'काही नाही' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. चाळीस वर्षे मिठागरावर मिठाच्या टोपल्या वाहिल्या आहेत. शिक्षण : नाही. रा. रामवाडी, ता. पेण, जि. रायगड.

समक्ष हजर होऊन सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मालक वारून अकरा वर्षे झाली. मुलगा जितेश धाटावला कंपनीत आहे, तो व सून रोह्याला राहतात. शिफ्टमुळे त्यांचे येणे होत नाही. त्यांची मुलगी भूमिका, वय २८, ही पाच वर्षांची असल्यापासून कॉलेजात जाईपर्यंत माझ्याजवळ वाढली. ती सध्या संरक्षणाच्या कामावर इंजिनिअर आहे. कामाच्या जागी फोन दारातच कपाटात ठेवावा लागतो. त्यामुळे ती मला दर रविवारी सकाळी फोन करते. अर्धा तास बोलते. कधी वीस मिनिटे.

तिचे काम काय, असे विचारल्यावरून सांगते की, मला नीट माहीत नाही आणि ती सांगत नाही. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाली की, मोठ्या यंत्राच्या पोटात चार बोटांएवढा कॉम्प्युटर असतो, त्याने कसे वागायचे ते ती लिहिते. जे सुटायला नको ते कधीच सुटू नये आणि सुटायचे ते वेळेवर सुटावे. मी म्हटले, मग आपल्या बांधाची उघाडीच की गो. भरतीला दार मिटते, ओहोटीला उघडते, खारे पाणी शेतात येत नाही. ती म्हणाली, व्हय आजी, तीच. फक्त तिने लिहिलेले दुसरा तपासतो आणि त्या दुसऱ्याचे तिसरा तपासतो. या चार बोटांवर तिची दोन वर्षे गेली आहेत. मी तिला म्हटले होते, एवढ्या वेळात आमच्याकडे लग्न होऊन पाळणा हलायचा. त्यावर ती हसली व फोन ठेवला. हे लिहू नका म्हटले होते, पण बाईंनी लिहिले.

गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार झाल्यावर दोन दिवसांनी दुपारी मला एका मुलाचा फोन आला. त्याने नाव अक्षय सांगितले. भूमिकाताईंच्या हापिसात घरच्या माणसांची विचारपूस करणारा विभाग आहे, तिथून बोलतो म्हणाला. मराठी चांगले, पण आपल्याकडचे नाही. 'नाही' हा शब्द पुरा बोलतो. त्यानंतर एक दिवसाआड त्याचा फोन येऊ लागला. गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे, जेवणात काय केले, असे विचारी. मी सुकटीचे कालवण सांगितले तर कसे करायचे ते विचारले, आणि दोन दिवसांनी म्हणाला, केले, पण मीठ जास्त झाले. मी म्हटले, मिठाच्या घरी विचारून केलेस तर होणारच.

पैसे, बँक, मेसेजात आलेला नंबर यांबद्दल त्याने काही विचारले का, असे बाईंनी तीनदा विचारले. नाही. पहिला महिनाभर त्याने भूमिकाबद्दलही काही विचारले नाही. मीच सांगत होते. शाळेतली, तापातली, खाडीत पडली त्याची, अशी सगळी.

दि. ९ रोजी, रविवारी, भूमिकाने फोनवर मला विचारले की, आजी, पुढची अष्टमी कधी? मी सांगितले, गुरुवारी, २० तारखेला. ती म्हणाली, बरं, त्या आठवड्यात चार दिवस फोन नाही व्हायचा, रविवारचापण, काळजी करू नको. यापलीकडे ती एक अक्षर बोलली नाही.

माझी नात उपास करत नाही. देवाला हात जोडते तेही माझ्या धाकाने. खाडीवरचे माणूस अष्टमी विचारते ते भरतीसाठी. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, होडी एका जागी राहते. तेव्हा ती समुद्रावर जाणार, पाणी शांत हवे असे तिचे काम आहे आणि ते २० तारखेला आहे, हे मला तिने न सांगता कळले. मला त्याचा फार आनंद झाला. इतके शिकलेल्या लोकांना अजून आमची तिथी लागते, असे वाटले. हे कोणाला सांगावे, असे घरात कोणी नव्हते.

दि. ११ रोजी दुपारी अक्षयचा फोन आला तेव्हा मी त्याला ते सगळे सांगितले. वर, बघ म्हातारीचे डोके, असेही म्हटले. तो म्हणाला, आजी, तुम्हीच इंजिनिअर व्हायला हव्या होतात. मग कुठला समुद्र ते विचारले. मी म्हटले, मला माहीत नाही. तो म्हणाला, मला सांगायला हरकत नाही. मी म्हटले, अरे, माहीत असते तर थांबले असते का?

दि. १६ रोजी, रविवारी, भूमिकाचा फोन आला. मी म्हटले, तुमच्या हापिसातला तो अक्षय चांगला मुलगा आहे, लग्न झालेय का बघ. ती म्हणाली की, आमच्याकडे असा कोणताही विभाग नाही. मी काय काय सांगितले ते तिने सगळे विचारले. रागावली नाही.

मी म्हटले, कोणाला कळतेय गो, मी बोलणार नाही, तू बोलू नको. त्यावर तिचे शब्द असे : "आजी, आमच्यात चूक झाली तर चालते. लपवली तर नाय चालत. तू पोलिसांत जा. मी तुला अष्टमी विचारली, तेपण सांग."

सोमवारी सकाळी तिने स्वतः तिच्या साहेबांना सांगितले. २० तारखेचे काम पुढे ढकलले आहे. चौकशी होईपर्यंत तिला त्या कामावरून बाजूला बसवले आहे. पुन्हा घेतील का, ते तिला माहीत नाही. हे तिने मला सोमवारी दुपारी बाराला सांगितले. सोमवारी तिचा फोन कधी येत नाही. त्या फोनवर ती अक्षयचा फोन पुन्हा उचलू नको असेही म्हणाली.

अष्टमी कधी एवढेच तिने विचारले, बाकी सगळे मी माझ्या डोक्याने जोडले. तरी तिचा दोष धरायचा असेल तर माझा आधी धरावा, असे माझे म्हणणे आहे. माझा फोन मी जमा करत आहे. त्यात अक्षयचा नंबर आहे.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, होय. हे भूमिकालाही माहीत नाही. सोमवारी तिच्या फोननंतर तीन तासांनी अक्षयचा फोन आला. मी उचलला. तो म्हणाला, "आजी, जेवलात?" मी म्हटले, "जेवले. तू?" तो म्हणाला, आत्ताच. मग मी ठेवला. बाकी काही बोलणे झाले नाही.

फोन चुकून उचलला गेला का, असे सुरभीबाईंनी विचारले. पोरीच्या चौकशीत 'चुकून' लिहिलेले बरे दिसेल, हे मलाही कळते. पण चुकून नाही. नंबर बघायला मला येत नाही, तरी त्या वेळेला कोण असते ते मला माहीत होते. कळून उचलला, असेच लिहावे.

एवढे बोलणे माझे आहे. बाईंनी ते मला सावकाश दोन वेळा वाचून दाखवले, दुसऱ्या वेळी मीच वाचायला सांगितले. सांगितले तसेच उतरले आहे, त्यात कमी-जास्त काही नाही.

धोंडुबाई नाथा घरत, डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी