डोळे मिटा, श्वास घ्या

अरे, आठवलं तरी अजून डोकं सणकतं! चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा आमचा कारखाना बंद होणार अशी कुजबुज चाललेली. त्या नालायक मॅनेजरने आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि म्हणाला, "रागात काही ठरवू नका. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या."

मिटले की आम्ही, मूर्खासारखे! तेवढ्यात मागून क्रेनचा आवाज. उघडून बघतो तर आमचीच मशिनं ट्रेलरवर चढवताहेत!

मी त्याची गचांडी धरायला निघालो, तर आमच्या कंपनी बसचा ड्रायव्हर सेल्वम म्हणाला, "थांबा सार, ओरडू नका." शांतपणे गेला आणि गेटमध्ये बस आडवी लावून बसला.

मॅनेजर बोंबलत धावला. सेल्वमने खिडकीतून मान काढली.

"सार, डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या."