सालीच्या पाण्यापायी तुटल्यालं घर

काय सांगू तुमाला, माझं म्हायेर डाळजचं, हायवेच्या कडंला आमचं रान, आन् मला दिली इंदापूरच्या अंगाला, ओढ्याकाठच्या वस्तीवर. बापाची डाळिंबाची बाग, म्हणून फळ तोडायचं, निवडायचं मला ल्हानपणापासनं ठावं. पण रस काढायच्या फॅक्टरीत लागले ती माझी पोरगी साळंत जायला लागली तवा. डोक्याला टोपी, हातात मोजं, आन् समोर दाण्यांचा लाल ढीग. दाणं जायचं रसाला आन् साली पडायच्या मागच्या अंगाला. आता एका डाळिंबाची साल किती निघती ते तुमी घरी बघताच की, हितं तर ट्रक रिकामं व्हायचं. त्या ढिगातनं काळपट पाणी निघायचं ते थेट ओढ्याला.

ओढ्याच्या काठाला आमच्या तात्यांची हीर. तात्या म्हंजी माझं चुलत सासरं. माझा नवरा आजारी पडला तवा ह्याच माणसानं आमचं रान पेरून दिल्यालं, एवढं जीवाचं. तर त्यांच्या हिरीचं पाणी चहावानी झालं, वास मारायला लागला, म्हशी तोंड लावंनात. वस्तीनं फॅक्टरीच्या गेटला ट्रॅक्टर आडवा घातला. मी गेटच्या आत आन् तात्या भायेर. मला बघून म्हणलं, सूनबाई, तुमी हितलं खाताय आन् आमी हितलं पितोय. बास. तवापासनं त्यांनी माझ्या दारात पाऊल ठेवलं न्हाय.

फॅक्टरी बंदच पडायला आल्याली, पण तिच्या मालकानं बारामतीवरनं रेश्मा मॅडमला आणलं. खाण्याच्या जिनसांचं शिकल्याली बाई. ती म्हणली, सालीत जो तुरटपणा हाय त्योच औषधवाल्यांना पायजे, आन् तुमी त्यो ओढ्यात सोडताय. माझ्या हाताखाली कोण येतंय? बाया म्हणल्या, ह्यात न्हाय पडायचं, उद्या गावानं जाळलं तर? मी म्हणलं, मी येती. मला बाकी काय नको व्हतं, तात्या दारात पायजे व्हतं.

काम म्हणाल तर साल धुवायची, कुटायची, कोमट पाण्यात भिजवायची, आन् ते पाणी पंपानं मेम्ब्रेनमधनं दाबायचं. मेम्ब्रेन म्हंजी गाळणीच, लांब नळकांड्यात बसवल्याली, पण तिची भोकं डोळ्याला दिसत न्हाईत. पयली गाळणी गढूळ आडवती, दुसरी अर्क आडवती आन् निव्वळ पाणी सोडती. ऐकायला सोपं वाटतंय, व्हय ना? सुरवातीला रोज तुंबायची. पंप वरडायचा आन् पाणी थेंब थेंब. मालक म्हणलं, भंगारात घाला ह्याला. मॅडम पायरीवर बसली, डोळ्यात पाणी. मी म्हणलं, मॅडम, रडा, पण उठा. आमी दोघींनी नळकांडं उघडून बघितलं तर आत नुसतं चिकाट, जामच्या पाकावानी. मॅडम म्हणली, हे चिकाट आधीच फोडलं पायजे. मग तिनं भिजवणाच्या टाकीत एंझाइम, म्हंजी चिकाट पातळ करायचं औषध, घालून बघितलं, आन् रोज मेम्ब्रेन धुवायचं मी माझ्याकडं घेतलं. हळूहळू धार लागली. एका अंगाला दाट तांबूस अर्क, दुसऱ्या अंगाला नितळ पाणी. मला वाटलं नाचावं!

तशीच तात्यांकडं गेले. म्हणलं, चला, बघा. आलं, उभं राह्यलं, बघितलं आन् म्हणलं, हे बरं हाय, पण माझी हीर कोण उपसणार? खरं बोललं. मी ते मॅडमला सांगितलं, मग मॅडम मालकाशी भांडली, आन् फॅक्टरीनं हीर उपसून, गाळ काढून दिला. तरी लगीच न्हाय सुधारलं, पावसाळा जाऊ द्यावा लागला. मग एक दिवस मी भाकरी थापत व्हते तर दारात सावली पडली. तात्या! म्हणलं, म्हशी पाणी प्यायल्या. आन् बसलं की जेवायला. मी भाकरी वाढत व्हते आन् रडत व्हते.

आता त्या युनिटवर मीच शिफ्ट सांभाळती, नव्या बायांना शिकवती. चोथ्याचं खत व्हतंय, नितळ पाणी तात्यांच्या पेरूला जातंय. तात्या थकल्यात, ऐकू येत न्हाय. पण अजून सकाळी काठी टेकत पाइपापाशी येत्यात, ओंजळीत पाणी धरून वास घेत्यात. नव्या बाया म्हणत्यात, म्हाताऱ्याचा अजून इस्वास न्हाय व्हय? मी म्हणती, नसू दे. आमी नीट चालवतोय म्हणून त्यांनी बघायचं सोडायचं का? बघू द्या. देव त्यांचं हातपाय धड ठेवू दे, आन् नाकबी.