कोल्ह्याचा वाटा आणि माझं शास्त्रवचन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि माझे संस्कृतचे गुरुजी आदरणीय मधुकररावजी, मंचावरील पशुसंवर्धन खात्याचे मान्यवर, सत्कारमूर्ती ज्योत्स्नाताई, आणि जेवणाचा वास येत असूनही जागेवर बसून राहिलेल्या माझ्या सहनशील बंधुभगिनींनो,

निवेदकांनी माझी ओळख 'ज्येष्ठ पत्रकार' अशी करून दिली. मी एका दैनिकाचा समुद्रपूरचा वार्ताहर आहे. ज्येष्ठ एवढ्याचसाठी की माझ्यानंतर या कामाला कोणी आलंच नाही.

ताई आज पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतून निवृत्त होत आहेत. आधीच्या वक्त्यांनी 'मुक्या प्राण्यांची सेवा' असा त्यांचा गौरव केला. खरं आहे, पण तीस वर्षांत ताईंनी प्राण्यांपेक्षा त्यांनी मागे ठेवलेलं जास्त पाहिलं. बिबट्या, रानमांजर, लांडगा, कोल्हा यांच्या वाटेला आपण जात नाही. ताई त्याच वाटांवरून चिमट्याने विष्ठा उचलायच्या, डब्या भरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली कृमींची अंडी शोधायच्या. मी एकदा विचारलं, "ताई, बिबट्याची भीती नाही वाटत?" म्हणाल्या, "भाऊ, बिबट्या दिसला त मी पळीन. अंडं दिसतच नाई, त पळू कुठी?"

आता एका गावाचं नाव घ्यायला हवं. घेत नाही, कारण ते गाव दुसऱ्या रांगेपासून पाचव्या रांगेपर्यंत बसलेलं आहे. त्या गावात नवसाचं बकरं कापलं की थोडी कलेजी नाल्याकाठी ठेवायची रीत. हा 'कोल्ह्याचा वाटा'. कोल्ह्याने खाल्ला, तर नवस पोचला. आता कोणती कलेजी ठेवत? चांगली माणसांच्या गंजात शिजायला जाई. पाण्याच्या फोडांनी भरलेली कोल्ह्याच्या भक्तीवर सोडत.

चार वर्षांपूर्वी त्या गावच्या प्रमिलाबाईंच्या यकृतातून संत्र्याएवढी पाण्याची गाठ काढावी लागली. ताईंनी माग काढला. फोडाची कलेजी कोल्हा खातो, त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, अंडी विष्ठेतून नाल्याकाठच्या गवतावर आणि सांबारावर, म्हणजे पुस्तकातल्या कोथिंबिरीवर, पडतात. गवत बकरी खाते, सांबार न धुता आपण खातो, आणि गाठ दोघांना होते.

नवसाची रीत सांभाळतात अण्णाजी, प्रमिलाबाईंचे थोरले दीर. ताई त्यांच्याकडे गेल्या. अण्णाजी म्हणाले, "देवाचा कोल्हा हाये थो, बाई. त्याच्या पोटात जंत काऊन राहीन?"

ताईंनी देवळाच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. अण्णाजींनी डोळा लावला. "दिसून राह्यलं! काळं काळं, लंबं लंबं!"

"अण्णाजी, थ्या तुमच्या पापण्या व्हय. डोळा पुरा उघडा."

ग्रामसभेने मात्र प्रश्न गांभीर्याने घेतला. शाळेत पोरांना देतात तशा जंताच्या गोळ्या कोल्ह्यांना द्याव्यात, असा एकमताने ठराव केला. कोल्ह्यांची हजेरी कोणी घ्यायची, असं संबंधित खात्याने लेखी विचारलं. तो पत्रव्यवहार अजून चालू आहे.

गुरुजी, आता थोडा वेळ कान झाकून घ्या.

मंडळी, विज्ञान हरलेलं पाहून मी एका दुपारी अंगणात बसून अनुष्टुभ रचला. 'शृगालांशं तु मेदिन्यां द्विहस्ताधो निखानयेत्.' म्हणजे कोल्ह्याचा वाटा जमिनीत दोन हात खाली पुरावा. अण्णाजींना म्हटलं, प्राचीन वचन आहे. पुढच्याच नवसाला वाटा खड्ड्यात गेला. देवळासमोर श्लोकाचा फ्लेक्स लागला. तीन वर्षांत त्या नाल्यावरच्या डब्यांमधली अंडी निम्म्यावर आली.

ताईंना कळलं तेव्हा त्या खूश होतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "माह्या काचेखालचं खरं कोणाले दिसलं नाई, अन तुमचं खोटं फ्लेक्सवर चढलं! लोकं खोट्यापायी नीट वागले, त उद्या दुसऱ्या खोट्यापायी बिघडतीन. माह्या निरोपाच्या आत सांगून टाकजा."

तेव्हापासून मी टाळत आलो. आज टाळायला जागा उरली नाही. येत्या रविवारी अण्णाजींच्या नातवाच्या जावळाचं बकरं आहे, आणि माझ्या या कबुलीने तो वाटा पुन्हा नाल्यावर गेला, तर पुढची गाठ कोणाच्या पोटात होईल, हे मला ठाऊक नाही. तरी सांगतो. तो श्लोक कोणत्याही शास्त्रात नाही. तो मी रचला. मी तुम्हाला फसवलं.

अण्णाजी उठले. या, माईकवर या. नको? मग मोठ्यानं बोला.

मागच्या रांगांसाठी अण्णाजींचं म्हणणं जसंच्या तसं सांगतो. "आमाले येडं समजता का, भाऊ? त्या दिवशी ओट्यावर प्रमिलेची गाठ बाईनं बरणीत दाखोली, अन बाजूले बकऱ्याच्या कलेजीतली ठेवली. दोन्ही सारख्या! म्या तवाच समजलो. पण देवाची रीत बाईच्या सांगण्यावरून मोडली, असं गाव म्हणलं असतं. म्हून तुमचा श्लोक पुढं केला."

म्हणजे ज्या पापाचं ओझं मी इतकी वर्षं वाहिलं, त्याची गरजसुद्धा नव्हती! आणि ताई, तुमचं खरं पहिल्याच दिवशी दिसलं होतं. फक्त पाहणाऱ्याने ते कबूल केलं नव्हतं. आज केलं, तेही भरसभेत.

प्रमिलाबाई, तुम्ही काय म्हणता? "रविवारी खड्डा खंदाचाच हाये. अन दोन हात नाई, तीन. दोन हात कुत्रे उकरते."

ताई मान डोलावत आहेत. म्हणजे शास्त्रात दुरुस्ती करणं भाग आहे. फ्लेक्सवरून 'प्राचीन' हा शब्दही उतरवू.

ताईंना उदंड आरोग्य लाभो. संयोजकांनी मला बोलू दिलं, अण्णाजींनी बोलू दिलं नाही. दोघांचाही ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. वृत्त चुकलं असेल, तर ते गुरुजी सोडणार नाहीत. त्यांना मी जेवणानंतर एकटा भेटतो.

नमस्कार.